करंट गेला म्हणजे नेमके काय गेले?

वाचकांचे प्रश्न : वीज, तारा आणि तारांभोवतीचे क्षेत्र

प्रश्न : आमच्या विहिरीवर पाच एचपीची थ्री फेज मोटर आहे. विहीर खांबापासून साधारण ५०० मीटर लांब असून मधे मी स्वतः अडीचची तांब्याची केबल टाकली आहे. दुपारी स्टार्टरच्या पेटीवरचा काटा ३९० व्होल्ट आणि ८ अँपिअर दाखवतो. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की व्होल्टेज ३३० वर येते आणि अँपिअर मात्र साडेनऊ होतात. मुलगा म्हणतो, पुस्तकातल्या ओहमच्या नियमाप्रमाणे दाब कमी झाला की प्रवाहही कमी व्हायला हवा. मग तो वाढतो का, आणि वर्षात दोनदा मोटर का जळते? (एक शेतकरी, चिकोडी तालुका)

उत्तर : आपल्या चिरंजीवांचा नियम बरोबर आहे, पण त्यांनी तो लावला आहे चुकीच्या वस्तूला. जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम धातूच्या तारेसारख्या रोधाला लागू पडतो, म्हणजे जिथे विजेला उष्णता निर्माण करण्यापलीकडे दुसरे काही काम नाही अशा ठिकाणी. जुना पिवळा बल्ब किंवा पाणी तापवायची कॉइल दाब कमी झाल्यावर निमूटपणे कमी प्रवाह घेते आणि कमी तापते. मोटरीच्या गुंडाळीत फिरत्या चुंबकीय क्षेत्रामुळे एक उलटा दाबही तयार होत असतो. तो बाहेरून येणाऱ्या दाबाला अडवून धरतो, म्हणूनच चालू मोटर आठ अँपिअरवर समाधानी असते. तीच मोटर सुरू करण्याच्या क्षणी, रोटर, म्हणजे मोटरीचा फिरणारा भाग, अजून उभा असताना, तिला पाच-सहा पट प्रवाह लागतो, हे आपल्या काट्याने आपल्याला रोज दाखवलेले आहे.

आता विहिरीतले पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे आहे, म्हणजे पंपाची मागणी जवळजवळ तीच राहते. दाब घटला की मोटरीची ओढ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते : ४१५ ऐवजी ३३० व्होल्ट मिळाले तर ती सुमारे ६३ टक्क्यांवर येते. मग रोटर किंचित मंदावतो, मागे पडतो आणि मागे पडल्यामुळेच अधिक प्रवाह ओढून काम पुरे करतो. प्रवाह ८ वरून साडेनऊ झाला तर गुंडाळीतली उष्णता साडेनऊला आठने भागून येणाऱ्या आकड्याच्या वर्गाने वाढते, म्हणजे ४० टक्क्यांनी अधिक. गुंडाळीवरचे वॉर्निश आधी करपते आणि मग वायंडिंगवाल्याकडची फेरी ठरलेली असते.

यात आपल्या केबलचा वाटा किती, हे मोजता येते. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो, म्हणजे आपल्या ५०० मीटरच्या प्रत्येक तारेत ३.७ ओहम. साडेनऊ अँपिअरला तिन्ही तारांत मिळून जवळजवळ १००० वॅट नुसते जमीन तापवण्यात जातात आणि खांबावर ३८० व्होल्ट असताना मोटरीपाशी ३३० उरतात. हीच केबल सहाची असती तर रोध निम्म्याहून खाली गेला असता, मोटरीला ३६० च्या आसपास दाब मिळाला असता आणि वाया जाणारी वीजही निम्म्याहून कमी झाली असती. संध्याकाळी खांबावरच दाब कमी असतो, ही तक्रार खरी आहे आणि ती करत राहावी, परंतु पन्नास व्होल्ट आपण स्वतः पुरले आहेत.

कपॅसिटर लावावा का, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. अवश्य लावावा, पण मोटरीजवळ लावावा, खांबाजवळ नव्हे. चुंबकीय क्षेत्र उभे करायला मोटर जो प्रवाह मागते, तेवढा वाटा तो जागच्या जागी पुरवतो, त्यामुळे केबलमधला प्रवाह कमी होतो आणि मोटरीला दोन-चार व्होल्ट जास्त मिळतात. मोटरीच्या पोटातला प्रवाह मात्र तो थेट कमी करत नाही. एक फेज गेल्यावर मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर नसेल तर आधी तो बसवावा, कारण दोनच फेजवर चालणाऱ्या मोटरीचा जीव मिनिटांचा असतो.

प्रश्न : तारेवर बसलेल्या पाखराला शॉक का लागत नाही? (इयत्ता सातवी, येळ्ळूर)

उत्तर : कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि त्या दोन पायांमधल्या बोटभर तारेत दाबाचा फरक नावालाही नसतो. शॉक दाबाने लागत नाही, दाबाच्या फरकाने लागतो. वटवाघळाचे पंख मोठे असतात, म्हणून ते एका पंखाने एक तार आणि दुसऱ्याने दुसरी गाठते आणि लटकून राहते. ते तू पाहिले असशीलच.

प्रश्न : मी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. वर्गात सांगितले की तारेतले इलेक्ट्रॉन मुंगीपेक्षाही हळू सरकतात. मग बटण दाबल्याबरोबर बल्ब कसा पेटतो? आणि आमच्याकडे 'करंट गेला' म्हणतात, तेव्हा नेमके काय जाते? पुस्तक इंग्रजीत, सर शिकवतात कन्नडमध्ये आणि विचार मी मराठीत करते, त्यामुळे माझाच गोंधळ होतो आहे का, तेही कळत नाही. (एक विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर : गोंधळ तुझा नाही. भाषेचा तर मुळीच नाही, कारण विभवांतर (दाबाचा फरक) आणि रोध हे शब्द कन्नड पाठ्यपुस्तकातही जसेच्या तसे आहेत. गोंधळ आहे तो आपण सगळे ज्या उपमेवर वाढलो तिचा, म्हणजे नळातल्या पाण्याचा.

ती उपमा किती चालते ते आधी पाहू. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीचा आहे. घटप्रभेचे एक किलो पाणी तेवढ्या उंचीवरून पडले की त्याच्याकडून सुमारे ५१० जूल ऊर्जा मिळू शकते. मिळणारी ऊर्जा उंचीच्या फरकावर अवलंबून असते, पाणी मुळात समुद्रसपाटीपासून किती उंच आहे याला महत्त्व नसते. विभवांतराचा अर्थ अगदी हाच आहे : २३० व्होल्ट म्हणजे एक कूलोम प्रभार (चार्ज) एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला की २३० जूल काम होते. उंचीच्या जागी विभव, पाण्याच्या जागी प्रभार. इथपर्यंत उपमा चोख आहे आणि परीक्षेपुरती पुरेशीही आहे.

आता वेग पाहू. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जात असेल, तर तांब्यातल्या मुक्त इलेक्ट्रॉनांच्या संख्येवरून त्यांचा सरासरी सरकण्याचा वेग काढता येतो. तो सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर येतो, म्हणजे तासाला वीतभराहून थोडा अधिक. हे झाले बॅटरीच्या दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने जाणाऱ्या धारेचे. घरातली धारा प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा बदलत राहणारी असते आणि सेकंदाला ५० आवर्तने करते, त्यामुळे तिच्यातला इलेक्ट्रॉन जागच्या जागी डोलतो आणि त्या डोलण्याचा पल्ला केसाच्या जाडीच्या जेमतेम शंभराव्या भागाइतका असतो. थोडक्यात, तुझ्या बल्बमधला इलेक्ट्रॉन वीजकेंद्रातून आलेला नाही, बटणापासूनही आलेला नाही. तो बल्बमध्येच होता.

यावर काही जण म्हणतात की नळी आधीच भरलेली असते, म्हणून या टोकाला ढकलले की त्या टोकाला लगेच बाहेर पडते. उसाच्या ठिबकची नळी भरलेली असली की असेच होते, हे खरे. पण भरलेल्या नळीत धक्का आवाजाच्या वेगाने जातो, तर तारेवरून तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जातो : उघड्या तारांवर सेकंदाला ३ लाख किलोमीटरच्या जवळपास आणि प्लॅस्टिकच्या केबलमध्ये त्याच्या साधारण दोन तृतीयांश. इलेक्ट्रॉन इलेक्ट्रॉनाला ढकलत जातो या चित्राने हा वेग समजत नाही. इथे पाण्याची उपमा सोडावी लागते. निदान पाणी कुठे आहे, हे बदलावे लागते.

हिडकलच्या धरणातून निघणारा कालवा डोळ्यांसमोर आण. पाणी काठांच्या मातीतून वाहत नाही, दोन काठांच्या मधल्या जागेतून वाहते, आणि काठ त्याला फक्त दिशा देतात. फेज आणि न्यूट्रल या दोन तारांना मी कालव्याचे दोन काठ समजतो. या तारांवर प्रभारांची किंचित मांडामांड होते, तिच्यामुळे तारांच्या भोवती आणि मधल्या मोकळ्या जागेत विद्युतक्षेत्र उभे राहते. प्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होते, हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये होकायंत्राच्या सुईवर दाखवले होते. ही दोन क्षेत्रे एकत्र असली की ऊर्जा त्या दोहोंना काटकोनात, तारांच्या बाजूने, बल्बच्या दिशेने वाहते. मॅक्सवेल यांच्या विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या सिद्धांतावरून जॉन पॉइंटिंग यांनी १८८४ मध्ये हा हिशोब मांडला. ऊर्जेचा थोडा भाग तारेच्या आतही शिरतो, पण तो बल्बपर्यंत पोचत नाही. काठांत मुरणाऱ्या पाण्यासारखा तो तारेतच जिरतो आणि तार तापते. वरच्या पत्रातल्या शेतकऱ्याचे संध्याकाळचे १००० वॅट असेच मुरले आहेत.

म्हणून बटण दाबले की इलेक्ट्रॉनांची वाट पाहावी लागत नाही. बटणाने तारांवरची मांडामांड बदलते आणि क्षेत्राची लाट बल्बपर्यंत डोळ्याचे पाते लवायच्या कितीतरी आत पोचते. 'करंट गेला' तेव्हा इलेक्ट्रॉन कुठेच जात नाहीत, सगळे जागेवर असतात, फक्त डोलायचे थांबतात. गेलेले असते ते तारांभोवतीचे क्षेत्र. 'लाईट गेली' हे म्हणणे निदान डोळ्यांना दिसते तेवढे तरी खरे आहे. मी मात्र अजूनही 'करंट गेला' असेच म्हणतो आणि घरात कोणी 'क्षेत्र गेले' असे म्हणेल, अशी आशा बाळगत नाही.

तू विचारशील की असे असेल तर वर्गात ओहम आणि किरचॉफ यांचे परिपथाचे (सर्किटचे) नियम का शिकवतात. शिकवतात, कारण ते नियम क्षेत्राचाच हिशोब आहेत, फक्त घडी घालून ठेवलेला. परिपथ लहान असेल, म्हणजे त्यातून जाणाऱ्या लाटेच्या लांबीच्या मानाने अगदी छोटा असेल, तर घडी उलगडायची गरज पडत नाही. ५० आवर्तनांच्या विजेची लाट ६००० किलोमीटर लांब असते. बेळगाव ते बेंगळुरू हे अंतर साधारण ५०० किलोमीटर, म्हणजे लाटेचा बारावा भाग, त्यामुळे घराच्याच काय, तालुक्याच्या विजेलाही किरचॉफचे नियम बिनधोक लावता येतात. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबी मात्र अवघी ३३ सेंटिमीटर असते. तिथे बोटभर तारेच्या दोन टोकांना प्रवाह वेगळा असू शकतो आणि तार अँटेना होऊन बसते. तिथे घडी उलगडावीच लागते.

प्रश्न : मी उद्यमबागेत ओतकामाच्या कारखान्यात इंडक्शन भट्टीवर काम करतो. कॉइलच्या नळीतून गार पाणी फिरते, कॉइलचा लोखंडाला कुठेही स्पर्श नाही, मधे अस्तराची जाड भिंत आहे, तरी आतले लोखंड वितळते. माझा मुलगा डिप्लोमाला आहे. तो म्हणतो की किरचॉफच्या नियमाप्रमाणे बंद फेरीतल्या सगळ्या दाबांची बेरीज शून्य यायला हवी आणि लोखंडात तर सेलच नाही, मग प्रवाह येतो कुठून? (बेळगाव)

उत्तर : आपले पत्र वाचून मला आनंद झाला, कारण पुस्तकात हा मुद्दा सहसा एका ओळीत उरकलेला असतो आणि आपण तो रोज पाहता.

किरचॉफ यांनी १८४५ मध्ये दोन नियम दिले. पहिला, सांध्यात जेवढा प्रवाह आला तेवढाच बाहेर जाईल. हा प्रभाराच्या जमाखर्चाचा नियम आहे. दुसरा आपल्या मुलाने सांगितला तो, आणि तो ऊर्जेचा जमाखर्च आहे : डोंगर चढून-उतरून मूळ जागी परत आलो तर एकूण चढ शून्य. परंतु या दुसऱ्या नियमात एक अट गृहीत धरलेली असते, ती ही की त्या फेरीच्या आतून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत नाही. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले की ते बदलत असेल तर फेरीभोवती दाब निर्माण होतो, मग त्या फेरीत सेल असो वा नसो. अशा जागी फेरी मारून परत आलेला प्रभार ऊर्जा कमावून येतो. डोंगराची उपमा तिथे संपते, कारण गोल फिरत गेले तरी सतत उतारच लागावा असा डोंगर जगात नाही.

आपली भट्टी नेमकी हीच जागा आहे. कॉइलला मिळणारा प्रवाह साध्या ५० आवर्तनांचा नसतो, पॅनेल तो सेकंदाला सामान्यतः काहीशे ते हजारभर आवर्तनांचा करून देते. त्यामुळे भट्टीच्या पोटातले चुंबकीय क्षेत्र तेवढ्या वेगाने उलटसुलट होते आणि लोखंडात गोल फिरणारे प्रवाह उभे राहतात. हा एका अर्थी ट्रान्सफॉर्मरच आहे : गावाच्या टीसीत, ज्याला कोल्हापूरकडे डीपी म्हणतात, दोन गुंडाळ्या एकमेकींना न शिवता ऊर्जा देतात-घेतात. आपल्याकडे दुसरी गुंडाळी म्हणजे लोखंडाचा तो लगदाच, एकाच फेऱ्याचा, टोके जोडलेली, आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन त्याच्यातच राहते. अस्तराला यात काही वाटत नाही, कारण ते वीज वाहून नेत नाही आणि चुंबकीय क्षेत्राला अडवतही नाही.

कॉइल नळीची का असते, हेही यातच आले. आवर्तने वाढली की प्रवाह धातूच्या अंगात न शिरता कातडीवरूनच जाऊ लागतो. हजार आवर्तनांना तांब्यात तो साधारण २ मिलिमीटर खोलीपर्यंतच राहतो. भरीव गज वापरला तर त्याचा गाभा नुसता भार होईल. तो काढून तिथून पाणी सोडले की तांबे वाचते आणि कॉइलही थंड राहते. ती थंड आहे म्हणून प्रवाह कमी आहे, असे कुणी समजू नये. उष्णता होतेच, पाणी ती उचलून नेते.

बोटातली अंगठी गरम वाटते, असे आपण ओझरते लिहिले आहे. अंगठी ही बंद फेरीच आहे. ती कामाला येण्याआधी घरी ठेवावी. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी भट्टीजवळ उभेही राहू नये.

प्रश्न : दोन पत्रे एकाच स्वभावाची आहेत. शहापूरमधल्या एका गृहिणी लिहितात की जिन्यातला एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही रात्री मंद लुकलुकतो आणि वायरमनला काही दोष सापडत नाही. हुक्केरी तालुक्यातले एक वाचक लिहितात की शेतावरून उच्चदाबाच्या तारा गेल्या आहेत, खाली डुकरांसाठी घातलेल्या तारेच्या कुंपणाला हात लावला की झिणझिण्या येतात आणि कुंपण तर कशालाच जोडलेले नाही.

उत्तर : दोन्हीकडे क्षेत्राने तारेवाचून काम केलेले आहे. दोन वाहक एकमेकांजवळ असले आणि मधे हवा किंवा प्लॅस्टिक असले, की त्यांचा आपोआप कपॅसिटर, म्हणजे प्रभार साठवणारी जोडी, होतो. जिन्याच्या दुहेरी बटणांसाठी पाइपातून लांबवर शेजारी शेजारी तारा नेलेल्या असतात. दहा मीटरच्या अशा जोडीची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) एक नॅनोफॅरडच्या आसपास जाऊ शकते आणि २३० व्होल्टला तिच्यातून सत्तरेक मायक्रोअँपिअर प्रवाह पलीकडे पोचतो. जुन्या बल्बला याची जाणीवही झाली नसती. एलईडीच्या आतला कपॅसिटर मात्र तो थेंबथेंब साठवतो, भरला की एकदा लुकलुकतो आणि पुन्हा भरू लागतो. बटण न्यूट्रलमध्ये बसवले असेल तर हाच त्रास वाढतो, म्हणून वायरमनला ते फेजमध्ये आहे का एवढे पाहायला सांगावे. ते फेजमध्येच असेल तर लुकलुक निरुपद्रवी आहे.

कुंपणाचे तसे नाही. उच्चदाबाच्या तारांखाली जमिनीलगतही मीटरला काही हजार व्होल्टचे विद्युतक्षेत्र असू शकते, आणि कोरड्या खांबांवर टांगलेले लांब कुंपण त्यात प्रभारित होते. तारा आणि कुंपण बरेच अंतर समांतर असतील तर चुंबकीय क्षेत्राचाही दाब त्यात भर घालतो. उपाय एकच, कुंपणाला दोन्ही टोकांना आणि मधे जागोजागी लोखंडी सळीने चांगले अर्थिंग करावे. बसलेला प्रभार जमिनीत निघून जातो आणि झिणझिण्या थांबतात.

मात्र अर्थिंग करण्याआधी एक खात्री करून घ्यावी. झिणझिण्या वरच्या तारांच्या क्षेत्रामुळे आहेत, की पंपाची खरवडलेली केबल कुठेतरी कुंपणाला टेकली आहे, हे टेस्टर सांगू शकत नाही, कारण त्याचा निऑन मायक्रोअँपिअरवरही पेटतो आणि दोन्हीकडे सारखाच लाल होतो. जाणत्या वायरमनला बोलावून जुना पंधरा वॅटचा पिवळा बल्ब कुंपण आणि जमिनीत पुरलेली सळी यांच्यामधे लावायला सांगावे. क्षेत्राने आलेला दाब एवढ्याशा बल्बचा भारही सोसत नाही, तो लगेच कोसळतो आणि बल्ब काळाच राहतो. बल्ब पेटला, मंद का होईना, तर ती खरी गळती आहे. मग हात न लावता आधी मेन बंद करावा आणि केबल शोधावी.